सातचा फोन

“एकतीस चुका,” विश्राम केळुसकर म्हणाला. “चाळिसातल्या एकतीस. टिपणीसबाई, तुम्ही नापास.”

उल्का टिपणीस हातात तांब्या घेऊन उभी होती. तांब्या तिने सरळ नळाखाली धरून भरला होता आणि त्यातलं अर्धं पाणी पिऊनही झालं होतं. पाण्याचा फिल्टर शेजारीच, हाताच्या अंतरावर होता.

आइंडहोवनमधल्या त्या मेंदूसंशोधन संस्थेच्या तळमजल्यावरच्या या खोलीला सगळे सवयघर म्हणत. मधोमध जमिनीवर पिवळी पट्टी ओढलेली होती. पट्टीच्या अलीकडे हॉलंड, पलीकडे भारत. अलीकडे इंडक्शनची शेगडी, कचऱ्याचे चार वेगवेगळे डबे आणि पॅडल उलटं मारलं की ब्रेक लागणारी सायकल. पलीकडे गॅसचा सिलिंडर, खाली दाबून चालू करायची बटणं, बादली-तांब्या आणि पुण्याहून जहाजाने मागवलेली एक जुनी स्कूटर. पट्टी ओलांडायची आणि चाळीस साधी कामं न थांबता करायची, एवढीच परीक्षा होती.

उल्का अकरा वर्षं हॉलंडमध्ये राहत होती आणि वर्षातून दोन-तीनदा मिरजेला जात होती. दर वेळी पहिला आठवडा अडखळण्यात जाई. भावाची गाडी चालवताना वळायचं असलं की इंडिकेटरऐवजी वायपर सुरू व्हायचे. चहा झाल्यावर गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा राहून जायचा. मैत्रिणीला ती म्हणायची, “बुधवारी चार ते पाच मोकळी आहे,” आणि मैत्रीण महिनाभर अबोला धरायची. परत आलं की उलट. शेजारच्या डच आजींची बेल न कळवता वाजवायची, आणि त्या दार अर्धवट उघडून, कोणी गेलं की काय अशा चेहऱ्याने बघायच्या. सगळं क्षुल्लकच. पण चार वर्षांपूर्वी मिरजेत रस्ता ओलांडताना तिने सवयीने डावीकडे पाहिलं आणि उजवीकडून आलेल्या टेम्पोने तिच्या खांद्याचं हाड मोडलं. प्लास्टरमध्ये हात असतानाच तिने या प्रकल्पाचा पहिला आराखडा डाव्या हाताने लिहिला.

“आता दाणा कामाला लावू,” विश्राम म्हणाला. तो मूळचा वेंगुर्ल्याचा. मेंदूची शस्त्रक्रिया करण्यात त्याचा हात धरणारा संस्थेत कोणी नव्हता. वर्षापूर्वी त्यानेच तिच्या मेंदूत दाणा बसवला होता; तेव्हापासून दाणा नुसता पाहत होता. “पण त्याआधी हे वाचून दाखवायचंय.”

“अरे, ते मीच लिहिलंय.”

“लिहिलंस तेव्हा तू शास्त्रज्ञ होतीस. आज प्रयोगातलं जनावर आहेस. जनावरानं गप्प बसून ऐकायचं.” त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. “‘एखादी कृती पुन्हा पुन्हा केली की ती ठरवण्याचं काम मेंदूचा पुढचा भाग सोडून देतो आणि खोल आतला सवयगाभा ते उचलतो. त्यानंतर माणूस ती कृती करत नाही, ती त्याच्याकडून होते.’ वा! काय लिहिलंयस. पुढे. ‘सवयपालट हे ज्वारीच्या दाण्याएवढं यंत्र सवयगाभ्याशेजारी बसवलेलं आहे. कोणत्या देशात मेंदूतला कोणता मार्ग चालतो हे ते पाहत राहतं. जो मार्ग एका देशात वीस वेळा चालला आणि दुसऱ्यात चालला नाही, तो पहिल्या देशाच्या सवयसंचात जातो. त्या देशाबाहेर त्याचं दार बंद राहतं. स्मरणाला यंत्र हात लावत नाही.’”

“म्हणजे मिरजेतही मला इथली सायकल आठवेल,” उल्का म्हणाली. “फक्त पाय आपणहून उलटं पॅडल मारणार नाहीत.”

“आणि यादी?”

“दोनशे चौदा सवयी. पण यादी आपल्या तपासणीपुरती आहे. यंत्र यादी वाचत नाही, नियम वाचतं.”

“शेवटचं कलम. ‘यंत्र काढायचं झाल्यास, काढताना जो संच चालू असेल तोच उरेल. दुसऱ्या संचाची दारं उघडणारं कोणी नसल्याने ते मार्ग विरून जातील.’” विश्रामने कागद खाली ठेवला. “थोडक्यात, काढायचा झाला तर कुठे बसून काढायचा ते नीट ठरव. दुसरीकडची उल्का परत मिळायची नाही.”

“मी कशाला काढीन?”

“असं लग्नाच्या दिवशी सगळेच म्हणतात,” दोन घटस्फोट झालेला विश्राम म्हणाला आणि त्याने सहीसाठी पेन पुढे केलं.

त्याने दाण्याला ‘भारत’ असा इशारा दिला. दारं बदलायला चाळीस मिनिटं लागत. त्या वेळाला त्यांनी पालटकाळ असं नाव दिलं होतं. तोवर दोघं कॉफी पीत बसली. मग उल्काने पिवळी पट्टी ओलांडली. तिचा हात फिल्टरच्या तोटीकडे गेला, बटणं खाली दाबली गेली, चहाचं भांडं उतरताच बोटांनी रेग्युलेटर फिरवला. चाळीस कामं, चूक एकही नाही. स्कूटरवर बसून तिने उजवीकडे बघितलं तेव्हा विश्रामने टाळ्या वाजवल्या.

ती खुर्चीवर बसून पाय हलवत आकडे बघत होती. विश्राम घड्याळाकडे पाहून म्हणाला, “आज वडिलांना फोन नाही का?”

“अरे देवा!” उल्का उठली. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मिरजेत सात वाजून दहा. अकरा वर्षांत तिची ही वेळ चुकली नव्हती. आनंदाच्या भरात विसरले, असं ती स्वतःशी म्हणाली.

एका रिंगमध्ये फोन उचलला गेला. “मिरज,” पलीकडून आवाज आला.

आप्पा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ऑपरेटर होते. फोन उचलला की आधी गावाचं नाव सांगायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. काळा, जड, कानाला गार लागणारा फोनच त्यांना हवा असे; उल्काने त्याच्या पोटात नवी यंत्रणा बसवून दिली होती. प्रत्येक कॉलची नोंद ते एका वहीत करत: तारीख, वेळ, किती मिनिटं, काय बोलणं झालं.

“दहा मिनिटं उशीर,” आप्पा म्हणाले. “नोंद केलीय.”

“मीटिंग होती हो. जेवलात का?”

“सातला कोण जेवतं? तुमच्याकडे परत वेळ बदलली की काय, म्हटलं. हिवाळ्याची एक, उन्हाळ्याची एक. एवढी पुढारलेली माणसं, आणि घड्याळ एक धड ठेवता येत नाही.” मग थोडा वेळ लाइनवर नुसता श्वास ऐकू आला. आणि मग रोजचा शेवटचा प्रश्न. “कधी येतेस?”

“या वर्षी नक्की, आप्पा,” उल्का रोज म्हणायची तसं म्हणाली.

*

सवयपालट अपेक्षेपेक्षाही चांगला चालला. पुण्याच्या विमानतळावर उतरलं की देश बदलल्याचा इशारा दाण्याला आपोआप मिळे. उल्का एका बाकावर चाळीस मिनिटं बसायची आणि उठायची ती इथलीच होऊन. पुढच्या दोन वर्षांत तिच्या सहा फेऱ्या झाल्या. नळाच्या पाण्याने कावीळ नाही, टेम्पो नाही, मैत्रिणींचा रुसवा नाही. तिच्यासारखे आणखी तिघे प्रयोगात होते. त्यांचेही अहवाल असेच होते. एकाने लिहिलं होतं, ‘पहिल्यांदाच दोन्हीकडे पाहुण्यासारखं वाटत नाही.’

या दोन वर्षांत आप्पांचं हृदय मात्र थकत गेलं. डॉक्टर टक्क्यांत बोलत. चाळीस टक्के, मग तीस. भाऊ नाशिकला; त्याच्याकडे जायला आप्पा तयार नव्हते. दिवसभर शालन नावाची बाई घरात असे. ती स्वयंपाक करी, औषधं देई, आप्पांशी भांडे.

हॉलंडमध्ये रोज साडेतीनला, हिवाळ्यात अडीचला, उल्का मीटिंगमधून उठून जिन्यातल्या खिडकीपाशी जायची. तिथे उभं राहून फोन करायची. फोन ठेवल्यावरही दहा मिनिटं ती तिथेच उभी राहायची. खाली सायकलींची रांग दिसे, कालव्यातलं करडं पाणी दिसे, आणि छातीत काहीतरी मिरजेच्या दिशेने ओढत असे. तिथे उभं राहूनच तिने ठरवलं: पुरे झालं. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळेल. न मिळालं तरी चालेल. तिने आप्पांना सांगितलंही: “आप्पा, मी कायमची येतेय.” पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आप्पा म्हणाले, “ये.”

ती मिरजेला गेली. आणि तिथे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की प्रकल्पाचा दुसरा टप्पा अर्ध्यावर सोडणं बरोबर होणार नाही. आप्पांची तब्येत तशी स्थिर होती. शालन होती. तीन आठवड्यांत तिने आप्पांचे डोळे तपासून घेतले, बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी अंगठ्याचे ठसे देऊन आणले, स्नानगृहात धरायचे दांडे बसवून घेतले, वर्षाची औषधं आणून डब्यांत लावून ठेवली. संध्याकाळी सातला, म्हणजे हॉलंडच्या साडेतीनला, संस्थेची रोजची मीटिंग असे. ती टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायची. पाठीमागे आप्पा आरामखुर्चीत. मग ती परत गेली. पंधरा दिवसांत जिन्यातल्या खिडकीपाशी उभं राहून पुन्हा ठरवलं, आता मात्र कायमचं.

त्या पुढच्या वेळी विम्याचं काम निघालं. त्याच्या पुढच्या वेळी उन्हाळा फार होता. कारण प्रत्येक वेळी खरं होतं.

*

सहाव्या फेरीत डॉक्टरांनी उल्काला बाहेर बोलावून सांगितलं, “वीस टक्के. सहा महिने धरा. आठ झाले तर आनंद.” तिने मान हलवली, आणि कोणती औषधं वाढवायची ते विचारलं.

घरी येऊन ती जुने कागद शोधत होती. कपाटात फाइलच्या खाली आप्पांची कॉलची वही सापडली. चाळता चाळता ती थांबली. ऑपरेटरच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं:

‘१४ मार्च. ७.००. ११ मि. तिकडे गारठा. कायमची येते म्हणाली.’

खाली, ‘२ एप्रिल. आली.’ त्याखाली, ‘२३ एप्रिल. गेली.’

तिने पानं उलटली. ‘कायमची येते म्हणाली.’ ‘आली.’ ‘गेली.’ सहा वेळा ‘येते म्हणाली’, सहा वेळा ‘आली’. शेवटच्या ‘आली’खालची ओळ कोरी होती.

वही घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. “आप्पा, हे काय आहे?”

आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. “कॉलची नोंद.”

“मी सहा वेळा कायमची येते म्हणाले, आणि एकदाही थांबले नाही. तुम्ही मला काही विचारलं का नाहीत?”

“काय विचारायचं? ऑपरेटरनं लाइन जोडून द्यायची. मध्ये बोलायचं नसतं.”

“मी तुमची मुलगी आहे. लाइन काय?”

“तुझी काही अडचण असेल. असते माणसाला.” आप्पा खिडकीबाहेर पाहत होते. “फोनवर तू वेगळी असतेस, उल्का. इथे आलीस की कामात असतेस. तसं वाईट काही नाही त्यात. सगळं करतेस तू. पण शालन म्हणते ना, ताई आल्या की घरात कंपाउंडर आल्यासारखं वाटतं.”

“मी असं कधी म्हणाले?” स्वयंपाकघरातून शालन ओरडली. “मी नर्स म्हणाले! उगाच माझ्या तोंडी घालू नका काहीतरी.”

आप्पा हसले आणि त्यांना धाप लागली. उल्काने त्यांच्या पाठीमागे उशी सरकवली, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली, आकडा पाहिला. आकडा ठीक होता. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला सुचलं ते नंतर, आणि तेही वहीतलं वाक्य आठवून.

तिने खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि शांतपणे स्वतःला तपासलं. खिडकीपाशी छातीत ओढणारी ती गोष्ट तिला आठवत होती. कशी होती, कधी सुरू झाली, किती वेळ टिकायची, सगळं सांगता आलं असतं. पण आता, आप्पांपासून एका भिंतीच्या अंतरावर, ती नव्हती. वहीतल्या सहा ओळी वाचूनही नव्हती. सायकलच्या उलट्या पॅडलसारखी. आठवत होती, होत नव्हती.

तिने विश्रामला फोन लावला.

“मला आत्ता काहीही वाटत नाहीये,” ती म्हणाली. “हेच सांगायला फोन केलाय.”

विश्रामने वहीचं, खिडकीचं सगळं ऐकून घेतलं. पडद्यावर त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “आठवण येणं,” शेवटी तो म्हणाला. “आठवण काढणं. काळजी. फोनवर आवाज मऊ होणं. परत जायचं ठरवणं.”

“तेरा वर्षं, रोज, एकाच वेळी, एकाच खिडकीत. हे सगळं फक्त हॉलंडमध्ये. इथे असताना कधीच नाही, कारण इथे ते समोरच असायचे. वीस वेळांचा नियम, विश्राम. यंत्रानं नियम बरोबर वाचला. मला आप्पा हवेसे वाटणं हा हॉलंडच्या संचाचा भाग आहे.”

“मग तिथल्या संचात काय आहे?”

“सुट्टीवर आलेल्या मुलीची कामं. दवाखाना, बँक, बल्ब बदलणं, सातची मीटिंग. आणि तीन आठवडे झाले की बॅग भरणं. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून एक्स्चेंजचे हेडफोन घालायचे, त्या सगळ्या सवयी केव्हाच पुसल्या गेल्यात. मी इथे फक्त फेऱ्या मारायची सवय लावून घेतली.”

“आपण दोनशे चौदा सवयींची यादी केली, गो,” विश्राम म्हणाला. “सगळ्या हातापायांच्या.” मग त्याने विचारलं, “काढून टाकायचा?”

“हो. पण इथे नाही. इथे काढला तर मी इथे राहीन, औषधं वेळेवर देईन, आणि त्यांच्याकडे पाठ करून बसेन. शेवटपर्यंत.” ती प्रयोगाच्या निष्कर्षासारखं सांगत होती. “मी तिकडे येते. तिकडे पोचले की मला वाटायला लागेल. तेव्हा काढ. म्हणजे जिला ते हवे आहेत ती उरेल, आणि ती इथे येईल.”

“रस्ता ओलांडताना मरशील.”

“हळू ओलांडीन.”

*

हॉलंडच्या विमानतळावरच्या बाकावर पालटकाळाच्या तेहेतिसाव्या मिनिटाला ते सुरू झालं. छातीतली ती ओढ. वहीतल्या सहा ओळी एकाच वेळी अंगावर आल्या. ‘ये,’ असं म्हणण्याआधी आप्पा किती वेळ गप्प राहिले होते ते आठवलं. ते धापा टाकत होते आणि तिने चिमटीवरचा आकडा पाहिला होता. शेजारच्या बाकावरचा माणूस उठून पाण्याची बाटली घेऊन आला. उल्काने रडत रडतच ती घेतली.

तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली. आदल्या संध्याकाळी विश्राम तिच्या पलंगाशी येऊन बसला. पहिल्यांदाच त्याला विनोद सुचत नव्हता.

“एक सांगू? सवयीला कारण लागत नाही. खूण लागते. तुझी ओढ आप्पांमुळे सुरू होते असं तू धरून चाललीयस. ती सातच्या वेळेनं होत असेल. फोननं होत असेल. खिडकीनं, नाहीतर ते दूर आहेत एवढ्यानंच होत असेल. तपासायला हवं.”

“किती दिवस?”

“चार महिने. निदान तीन.”

“त्यांच्याकडे सहा आहेत,” ती म्हणाली. “मी त्यांच्याजवळ जाऊन बसले की सगळं नीट होईल, विश्राम. मला दुसरं काही नको आहे. मला तिथे जायचंय फक्त.”

“भूक जेवल्यावर थांबते,” विश्राम म्हणाला. “सवय तशी थांबत नाही. आणि नवी लागायला आठ-दहा महिने जातील. दाणा नसताना तर—”

“उद्या काढ.”

त्याने काढला.

*

मिरजेच्या स्टेशनाबाहेर उल्काने डावीकडे पाहिलं आणि पाऊल टाकलं. घ्यायला आलेल्या शालनने दंडाला धरून मागे ओढलं. “ताई! डोळे कुठायत?”

घरी पोचल्यावर ती नळाचं पाणी प्यायली. चहा केला आणि रेग्युलेटर तसाच सोडून बाहेर आली. आप्पा भिंतीला धरत आत गेले आणि बंद करून आले. तिने सगळ्या दिव्यांची बटणं उलटी दाबली. “आता खरी हॉलंडची झालीस,” आप्पा म्हणाले. ते पूर्वीपेक्षा निम्मे दिसत होते. “बॅग फार मोठी आणलीस या वेळी?”

“परत जायचं नाही, आप्पा. राजीनामा देऊन आले.”

आप्पांनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. त्यांनी आरामखुर्चीशेजारी स्टूल ओढून दिलं आणि उल्का त्यांचा हात हातात घेऊन बसली.

हात हलका होता, कोरडा होता. नखं वाढली होती. तिने वाट पाहिली.

आता ते येईल, तिला वाटलं. छातीतली ती ओढ आता इथे येऊन पोचेल, या हातापाशी, आणि थांबेल. ओढ होती. दिवसभर होती, विमानात होती, स्टेशनावर होती, आताही होती. पण ती या खोलीकडे वळत नव्हती. समोर आप्पा बसले होते, शालनच्या भाकरीला नावं ठेवत होते, तिच्याकडे बघून हसत होते, आणि उल्काला आप्पांची आठवण येत होती. ते कुठेतरी लांब होते. तिला त्यांच्याकडे जायचं होतं. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पुन्हा नीट पाहिलं. ओळखीचा चेहरा. त्याच्याकडे पाहिल्यावर तिला नखं कापायला हवीत एवढंच सुचलं.

सवयीला खूण लागते. ते वाक्य तिला आठवलं आणि तिने ते बाजूला सारलं. दुपार गेली. तिने आप्पांची नखं कापली. आप्पा बोलत होते, ती उत्तरं देत होती. दोघांनाही लवकरच बोलायला काही उरलं नाही. बोलणं संपल्यावर आप्पांनी डोळे मिटून घेतले, झोपल्यासारखे. पूर्वीच्या सहा फेऱ्यांमध्येही ते असेच डोळे मिटून घेत, हे तिला आता आठवलं.

घड्याळात सात वाजले.

उल्का उठली. उठायचं तिने ठरवलं नव्हतं. पाय दाराकडे गेले, दार उघडलं, बाहेरच्या जिन्यात वळणावर एक खिडकी होती तिथे जाऊन थांबले. खाली रस्ता होता, रिक्षा उभ्या होत्या, समोरच्या गच्चीवर कोणीतरी पापड गोळा करत होतं. फोन हातात होता. अंगठा हलला.

उघड्या दारातून, आत, काळा फोन वाजला.

तो पुष्कळ वेळ वाजत राहिला. खुर्ची करकरल्याचा आवाज आला.

“मिरज,” आप्पा म्हणाले.

आणि ते आलं. कानाशी तो आवाज ऐकताच उल्काच्या छातीतलं सगळं एकदम सैल झालं, आवाज मऊ झाला. “आप्पा,” ती म्हणाली. “कसे आहात? दम लागतो का फार? औषध घेतलंत?”

तिला कळत होतं. मागे वळून पाहिलं असतं तर आठ पावलांवर ते दिसले असते. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते गेलं असतं.

आप्पांना दारातून तिची पाठ दिसत असणार. त्यांनी जन्मभर माणसं जोडून दिली होती आणि मध्ये बोलले नव्हते.

“घेतलं,” ते सावकाश म्हणाले. “आता बरं वाटतंय. तू कशी आहेस?”

ती सांगू लागली. शस्त्रक्रियेचं सांगितलं, विमानतळावर रडल्याचं सांगितलं. वहीतल्या ओळींबद्दल माफी मागितली. लहानपणी एक्स्चेंजमध्ये हेडफोन घालून ती कोणाकोणाला ‘मिरज’ म्हणायची ते आप्पांना आठवत होतं. तिलाही आठवलं, आणि दोघं हसली. त्यांचं हसू तिला दारातून ऐकू आलं आणि क्षणभराने फोनमधूनही आलं. दारातून आलेलं तिला परक्याचं वाटलं. तिने दुसऱ्या कानावर हात ठेवला.

अकरा मिनिटं झाली. बोलणं संपत आलं की आप्पा नेहमी थोडं थांबत, तसे थांबले. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यांच्या मेंदूत कुठलाच दाणा नव्हता. तेरा वर्षं रोज सातला जे निघत होतं, तेच निघालं.

“कधी येतेस?”

म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. लाइनवर नुसता श्वास ऐकू येत राहिला.

“या वर्षी नक्की, आप्पा,” उल्का म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिला त्यांच्याकडे जायची इतकी घाई यापूर्वी कधीच झाली नव्हती.

तिने फोन ठेवला आणि खिडकीपाशी उभी राहिली. आत पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. आप्पा नोंद करत होते.